आडनावातलं गाव आणि आपलं माहेर

हातातलं काम चालू असू दे, कान तेवढा इकडे असू दे.

मालवणच्या बाजारात मासळी घेताना, एसटीत शेजारी बसल्यावर किंवा लग्नाच्या मांडवात अनोळखी बाई भेटली की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'तू खयची गो?' ती आडनाव सांगते. आचरेकर म्हटलं की आपण समजतो, आचऱ्याची. मसुरकर म्हटलं की मसुऱ्याची. पण थोड्या वेळाने दुसरा प्रश्न येतोच, 'आणि म्हायार खयचा?' याचं उत्तर आडनावात सापडत नाही. ते विचारूनच घ्यावं लागतं.

आम्ही बचत गटांच्या बैठका घेत वाड्यावाड्यांतून फिरतो, तेव्हा हजेरीच्या वहीत हीच आडनावं रोज लिहितो. लिहिता लिहिता मनात येतं, ही नावं आली कुठून? एका छोट्या गावाचं नाव मुंबईपर्यंत, परदेशापर्यंत कसं पोचलं? आणि ज्या बाईने ते नाव लग्नानंतर घेतलं, तिच्या स्वतःच्या गावाचं काय झालं? आज त्याबद्दल बोलू.

गावाला 'कर' लागला की

आपल्या सिंधुदुर्गात गावाच्या नावापुढे 'कर' लावला की आडनाव तयार होतं. हा 'कर' म्हणजे घरपट्टीचा कर नव्हे. त्या गावचा, तिथून आलेला, एवढाच त्याचा अर्थ. मालवणचा तो मालवणकर, चिंदरचा तो चिंदरकर, नेरूरचा तो नेरूरकर.

गावाच्या नावाच्या शेवटी 'ई' असेल तर ती बहुतेक वेळा गळून जाते. रेवंडीचा रेवंडकर, तोंडवळीचा तोंडवळकर, रेडीचा रेडकर, खानोलीचा खानोलकर, पिंगुळीचा पिंगुळकर. कुडाळ तालुक्यातल्या तेंडोलीची तर 'ई' गेलीच, शिवाय 'डो' चा 'डु' झाला आणि तेंडुलकर हे नाव तयार झालं. शेवटी 'ए' असेल तर ती बहुधा टिकते. आचरेकर, परुळेकर, वेंगुर्लेकर. मसुऱ्याची मात्र दोन्ही रूपं ऐकू येतात, मसुरकर आणि मसुरेकर. बोलताना जिभेला जे सोपं गेलं, तेच पुढे कागदावर उतरलं.

आता एक गंमत बघा. आचऱ्यात उभं राहून कुणाला 'आचरेकर' अशी हाक मारली तर कोण वळून बघणार? गावात सगळेच आचऱ्याचे. तिथे माणूस ओळखला जातो तो वाडीवरून, घरावरून, वडिलांच्या नावावरून, नाहीतर कामावरून. गावाचं नाव ओळख म्हणून उपयोगी पडतं ते गावाची वेस ओलांडल्यावर. माणूस दुसऱ्या गावात जमीन कसायला गेला, कुणाकडे चाकरीला राहिला, व्यापाराला बंदरात गेला, की तिथले लोक त्याला त्याच्या गावावरून ओळखू लागले. त्याची मुलंबाळं तिथेच राहिली आणि ओळख नावाला चिकटली. म्हणजे 'कर' हे आडनाव बहुतेक वेळा गाव सोडल्याची खूण आहे. मूळ गावात त्या नावाची घरं नसतातच असं नाही. पण नाव पसरतं ते बाहेर.

मुंबईचा रस्ता

हे पसरणं सर्वांत जास्त झालं ते मुंबईमुळे. १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी उभी करायला घेतली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या, गोदीचं काम वाढलं. आपल्याकडे जमीन थोडी, पीक पावसावर, त्यामुळे कोकणातले पुरुष बोटीने मुंबईला जाऊ लागले. तेव्हा आपला भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. मुंबईला गेलेले पुरुष एका गावाचे म्हणून एकाच खोलीत राहायचे, एकमेकांना काम मिळवून द्यायचे. गिरणीच्या हजेरीपटावर नाव लिहायचं तर आडनाव लागायचं. शाळेत मुलाचं नाव घालायचं तर आडनाव लागायचं. गावात ज्याची कधी गरज पडली नव्हती, ते मुंबईत रोजच्या उपयोगाचं झालं.

वेंगुर्ला तालुक्यात केळूस नावाचं गाव आहे. १८६० मध्ये तिथे जन्मलेले कृष्णराव अर्जुन केळुसकर मुंबईत शिक्षक झाले. त्यांनी शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिलं, गौतम बुद्धांचं चरित्र लिहिलं. त्यांच्या पुस्तकांवर केळूसचं नाव छापलं गेलं. तसंच क्रिकेटचं. मालवणला १९३२ मध्ये जन्मलेले रमाकांत आचरेकर मुंबईत शिवाजी पार्कवर मुलांना क्रिकेट शिकवायचे. त्यांचा सर्वांत नावाजलेला शिष्य सचिन तेंडुलकर. त्याचा जन्म मुंबईचा. म्हणजे आचऱ्याचं नाव लावणाऱ्या गुरूने तेंडोलीचं नाव लावणाऱ्या शिष्याला दादरच्या मैदानावर घडवलं. आपल्या जिल्ह्यातली ही दोन गावं मुंबईत अशी एकमेकांना भेटली.

वराडचं नाव आयर्लंडात

आता याहून लांबची गोष्ट. आपल्या मालवण तालुक्यात वराड नावाचं गाव आहे. कट्ट्याच्या बाजूला जाणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणींना ते ठाऊक आहे. वराडवरून वराडकर. मालवणकर किंवा शिरोडकर यांच्यासारखं हे नाव सगळीकडे ऐकू येत नाही. पण २०१७ च्या जून महिन्यात ते जगभरच्या बातम्यांत आलं. आयर्लंड देशाच्या पंतप्रधानपदी लिओ वराडकर यांची निवड झाली. वय ३८ वर्षं. तोपर्यंत त्या देशाला इतका तरुण पंतप्रधान मिळाला नव्हता. २०२० पर्यंत ते त्या पदावर होते. मग २०२२ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा पंतप्रधान झाले आणि २०२४ च्या एप्रिलपर्यंत राहिले.

त्यांच्या घराण्याचा रस्ता बघा. मूळ गाव वराड. वडिलांचा जन्म मुंबईचा. ते डॉक्टर झाले आणि १९६० च्या दशकात इंग्लंडला गेले. तिथे नर्स म्हणून काम करणाऱ्या आयरिश मुलीशी त्यांची ओळख झाली, लग्न झालं. पुढे कुटुंब आयर्लंडला राहायला गेलं आणि १९७९ मध्ये डब्लिन शहरात लिओ यांचा जन्म झाला. वराड, मुंबई, इंग्लंड, डब्लिन. माणसं चार ठिकाणी फिरली, पण नाव वराडचंच राहिलं. २०१९ च्या डिसेंबर अखेरीस ते पंतप्रधान असतानाच आपल्या कुटुंबासह वराडला येऊन गेले.

आम्ही ही गोष्ट एका बैठकीत सांगितली तेव्हा सगळ्या जणी खूश झाल्या. मग मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं, 'त्येच्या आवशीचा गाव खयचा?' आम्ही गप्प. घरी जाऊन शोधलं. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डंगार्वन नावाचं गाव आहे, आपल्या मालवणसारखंच समुद्राला लागून. त्यांची आई तिथली. ज्या देशाचे ते पंतप्रधान झाले तो देश आईचा. लहानाचे मोठे झाले ते आईच्या देशात. पण नावात डंगार्वन कुठेच नाही. नावात आहे ते हजारो मैलांवरचं वराड, जे वडिलांच्या घराण्याने कधीच सोडलं होतं.

आजींचा प्रश्न साधा होता, पण तेव्हापासून आडनाव लिहिताना तो आमच्या डोक्यातून जात नाही.

नाव सगळं सांगत नाही

आडनावावरून गाव कळतं खरं, पण सांभाळून. एकाच नावाची दोन गावं असतात. पेंडूर मालवण तालुक्यात आहे आणि वेंगुर्ला तालुक्यातही आहे. वायंगणीचंही तसंच. मग पेंडूरकर किंवा वायंगणकर नक्की कुठले? शिरोडं आपल्याकडे आहे आणि गोव्यातही आहे, त्यामुळे नुसत्या शिरोडकर या नावावरून काहीच ठरत नाही. अशा वेळी ग्रामदैवत कुठलं, कुलदैवत कुठलं, वाडी कुठली, जुन्या जमिनीचा कागद कुठल्या गावचा, हे विचारावं लागतं.

दुसरी गोष्ट, 'कर' वरून जात कळत नाही. एका गावातून वेगवेगळ्या जातींची माणसं बाहेर पडली आणि सगळ्यांना एकच आडनाव लागलं. कोकणातल्या मुसलमान कुटुंबांतही गावावरून पडलेली अशी आडनावं आहेत. त्यामुळे आडनाव सारखं म्हणजे नातं, असं धरून चालू नये. वेगळं आडनाव म्हणजे नातं नाही, असंही नाही.

आणि सगळ्यांची आडनावं गावावरून आलेली नाहीत. देसाई हे नाव वतनावरून आलं. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. मेस्त्री हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, कुशल कारागिराला ते 'मेस्त्र' म्हणायचे. आपल्या ख्रिस्ती शेजारणींची फर्नांडिस, रॉड्रिग्ज ही आडनावंही पोर्तुगीजच. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा.

गावावरून आडनाव पडणं ही फक्त आपलीच रीत नाही. इंग्लंडच्या उत्तरेला वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. तिथल्या एका घराण्याने गावाचं नाव लावलं. त्या घराण्यातले लोक पुढे अमेरिकेला गेले. त्यांच्यातलेच जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले आणि त्यांच्या नावावरून अमेरिकेच्या राजधानीचं नाव पडलं. ब्रिटनमधले अभ्यासक १८८१ च्या जनगणनेच्या नोंदी काढून बघतात, एखादं दुर्मीळ आडनाव तेव्हा कुठल्या भागात जास्त होतं. बरेचदा ते नाव एखाद्या गावाच्या आसपासच दाटीने सापडतं आणि मग त्याचं मूळ शोधायला सोपं जातं.

बाईचं गाव कुठे गेलं

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. पुरुषाने गाव सोडलं की गाव त्याच्या नावात राहिलं. गाव सोडतं कोण सर्वांत जास्त? आपण बायका. लग्न झालं की जवळजवळ प्रत्येक बाई आपलं गाव सोडते. कुणी रेवंडीहून देवबागला गेली, कुणी देवगडहून कुडाळला. पण तिच्या नावात तिने सोडलेलं गाव येत नाही. येतं ते नवऱ्याच्या पणजोबा-खापरपणजोबांनी सोडलेलं गाव, जे पुष्कळदा तिने डोळ्यांनी पाहिलेलंही नसतं.

गोदावरी परुळेकर यांचं नाव आपण ऐकलं असेल. ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींची वेठबिगारी मोडण्यासाठी त्या लढल्या. त्यांचा जन्म पुण्याचा, माहेरचं आडनाव गोखले. जग त्यांना ओळखतं ते परुळ्याच्या नावाने, कारण ते नवऱ्याचं आडनाव. काम त्यांचं स्वतःचं, नाव मात्र सासरचं.

उलटं उदाहरणही आहे. दीनानाथ मंगेशकर १९०० मध्ये गोव्यात मंगेशीला जन्मले. आई येसूबाई मंगेशीच्या देवळाच्या सेवेतल्या, वडील त्याच देवळातले पुजारी. वडिलांचं आडनाव काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. आई जिथे राहिली, जिथे तिने मुलाला वाढवलं, त्या गावाचं नाव त्यांनी लावलं. तेच नाव पुढे लता मंगेशकर, आशा भोसले आणि त्यांच्या भावंडांसोबत घराघरात पोचलं. ज्या गावात आईचं आयुष्य गेलं, त्या गावाचं नाव सगळ्या देशाच्या तोंडी आलं.

इतर देशांत काय रीत आहे, तेही ऐका. स्पेनमध्ये मुलाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. लग्नानंतर बाई आपलं नाव बदलत नाही. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनावच नसतं, मुलगी 'अमक्याची मुलगी' असं नाव लावते आणि लग्नानंतरही तेच ठेवते. म्हणजे नाव बदलणं ही जगाची रीत नाही, आपल्याकडची एक सवय आहे.

कागदावर नाव एकच असू द्या

ही नुसती भावनेची गोष्ट नाही, पैशाची आणि जमिनीची पण आहे. आमच्या एका गटातल्या ताईंच्या आधार कार्डावर माहेरचं नाव होतं, रेशनकार्डावर सासरचं, आणि पासबुकात नाव-आडनाव माहेरचं पण मधलं नाव नवऱ्याचं. तीन कागदांवर तीन बाया. कर्जाचा अर्ज दिला तर तो परत आला. चार फेऱ्या झाल्या, एका दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं प्रत्येक वेळी गेलं. ताई म्हणाल्या, 'मी एकच असय, पण कागद मानत नाय.'

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. लग्नानंतर बाईने आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. माहेरचं ठेवा किंवा सासरचं घ्या, ते आपण ठरवायचं. पण जे ठरवाल ते सगळ्या कागदांवर एकच ठेवा. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत करून दाखला घ्या आणि जपून ठेवा. माहेरचं नाव आणि सासरचं नाव ही एकाच बाईची आहेत, हे दाखवायला तो कागद उपयोगी पडतो. नाव बदलायचंच असेल तर ते राजपत्रात छापून घेता येतं.

माहेरच्या नावाचा पुरावा कशाला हवा, असं वाटेल. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून मुलीला, तिचं लग्न झालेलं असो वा नसो, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. पण वारस म्हणून नाव लावायची वेळ आली की पहिला प्रश्न येतो, ही अमुक आडनावाची बाई या घरातली मुलगी कशावरून? तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला आणि विवाह नोंदणीचा दाखला हेच आपले साक्षीदार. शाळेचा दाखला माहेरच्या पेटीत पडून असेल तर या गणपतीला जाल तेव्हा घेऊन या.

मुलांच्या बाबतीत एक चांगली गोष्ट झाली आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की सरकारी कागदांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं. आईचं नाव निदान कागदावर आलं. तिचं गाव मात्र अजून आपणच लिहून ठेवायला हवं.

एक काम करा

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की दहा मिनिटं काढा. वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकीने चार रकाने आखायचे. पहिल्यात आपलं नाव. दुसऱ्यात आपलं माहेरचं गाव आणि आडनाव. तिसऱ्यात आईचं माहेर. चौथ्यात आईच्या आईचं माहेर. चौथा रकाना पुष्कळ जणींचा कोरा राहील. तो भरायला मावशीला फोन करा, मामाला विचारा, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती माणसं आहेत तोवर विचारून घ्या.

आम्ही हे पान एका गटात भरून घेतलं. बारा बायकांच्या तीन पिढ्यांत मालवण, देवगड, कुडाळ, वेंगुर्ला आणि सावंतवाडी तालुक्यांतली कितीतरी गावं निघाली. दोघी जणींच्या आज्या एकाच गावच्या, एकाच वाडीतल्या निघाल्या. पाच वर्षं त्या एका गटात शेजारी बसत होत्या आणि त्यांना ठाऊक नव्हतं, कारण दोघींची आडनावं वेगळी.

आणि 'आवशीचा गाव' विचारणाऱ्या त्या आजी? त्यांचं सासरचं आडनाव वहीत व्यवस्थित लिहिलेलं आहे. पण सगळी वाडी त्यांना अजून 'मसुऱ्याची' म्हणूनच हाक मारते. मसुरं सोडून त्यांना साठ वर्षं झाली. त्यांनी आपला चौथा रकाना कुणाला न विचारता भरला आणि पेन आमच्या हातात देत म्हणाल्या, 'आता तुजा लिव.'

आम्ही लिहिलं. तुम्हीही लिहा, आणि काय निघालं ते आम्हाला कळवा.